डॉ. आनंदीबाई जोशी यांचा विद्याप्रवास व त्याचा खर्च

परदेशीं जाऊन उच्च विद्या संपादन करावी अशी इच्छा आमच्या शाळेच्या वरच्या इयत्तांतील बऱ्याच मुलामुलींच्या मनांत असते. अभ्यासाची तयारी मेहनती विद्यार्थ्यास करतां येते. परंतु खर्चाचा प्रश्न निघाला म्हणजे मुलें गप्प बसतात आणि आईबाप खालीं पाहूं लागतात. कॉलेजची फी, प्रवासाचें भाडें, राहण्याजेवण्याचा खर्च, थंडीचे कपडे, आजारपण या सर्वांचा हिशेब कागदावर मांडला म्हणजे मध्यम स्थितींतील कुटुंबाचा धीर खचतो. अशा वेळीं मदत कोणाकडे मागावी, कशी मागावी, कोणती घ्यावी आणि कोणती नाकारावी, असे प्रश्न उभे राहतात. हे प्रश्न आजचेच आहेत असें मात्र नाहीं. सुमारें १४० वर्षांपूर्वीं पोस्टांतील एका कारकुनाच्या अठरा वर्षांच्या पत्नीपुढें ते उभे राहिले होते, आणि तिनें ते सोडविले. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून आनंदीबाई जोशी यांचें नांव शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यांचा तो सर्व प्रवास कोणाच्या पैशानें झाला, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्यांच्या चरित्राची ही बाजू विशेषेंकरून सांगावी, असा आमचा या लेखांत विचार आहे.

आनंदीबाईंचें माहेरचें नांव यमुना. कल्याण येथील जोशी घराण्यांत ३१ मार्च १८६५ रोजीं त्यांचा जन्म झाला. घराणें एके काळीं जमीनजुमला बाळगून असलेलें, पण पुढें तें वैभव ओसरलें होतें. त्या काळच्या रूढीप्रमाणें वयाच्या नवव्या वर्षीं गोपाळ विनायक जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. गोपाळराव विधुर होते, वयानें पत्नीहून सुमारें वीस वर्षांनीं वडील होते आणि पोस्टांत नोकरीस होते. लग्नानंतर त्यांनीं पत्नीचें नांव आनंदी ठेविलें. गोपाळरावांस स्त्रीशिक्षणाचें मोठें वेड होतें. दुसऱ्या घरीं सून पुस्तक घेऊन बसली तर तिला बोलणीं बसत. या घरीं अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरांत गेली तर मार बसे. त्यांचें हें वागणें कोणासही उचित वाटणार नाहीं, आणि ते आपण झांकून ठेवण्याचेंही कारण नाहीं. पुढें अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत आनंदीबाईंनीं बाळपणीं खाल्लेल्या त्या माराची स्पष्ट आठवण करून दिली आहे. तथापि आपणांस विद्येची गोडी लावली ती पतीनेंच, हेंही त्या कधीं विसरल्या नाहींत.

पोस्टाची नोकरी म्हटली कीं बदल्या आल्याच. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा या दांपत्याचा संसार फिरत राहिला. मुंबईस असतां आनंदीबाई कांहीं काळ मिशनच्या शाळेंत जात. एक ब्राह्मण तरुणी हातांत पुस्तकें घेऊन रस्त्यानें चालत जाते, हें पाहून लोक थट्टा करीत. ती थट्टा सोसून त्या शाळेंत गेल्या व इंग्रजी शिकल्या.

चौदाव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वांचतें, असें त्या बालमातेस वाटलें, आणि त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय जन्मास आला. त्या काळीं घरंदाज स्त्रिया पुरुष डॉक्टरास नाडीसुद्धां दाखवीत नसत. दुखणें लपवावें, सोसावें आणि सोसवेनासें झालें म्हणजे डोळे मिटावे, असा प्रकार घरोघरीं चाले. स्त्रियांसाठीं स्त्री डॉक्टर पाहिजे, ही गोष्ट आनंदीबाईंस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

परंतु शिकावें कोठें? मद्रासच्या मेडिकल कॉलेजनें १८७५ सालीं स्त्रियांस प्रवेश दिला होता; कलकत्त्याच्या कॉलेजचे दरवाजे स्त्रियांस तोंवर उघडले नव्हते. एतद्देशीय हिंदु स्त्रीनें एकटीनें परक्या शहरांत राहून पुरुषांच्या वर्गांत बसणें आपल्याच देशांत अधिक कठीण आहे, असें आनंदीबाईंचें मत झालें होतें. आणि मुंबई-कलकत्त्याच्या रस्त्यांतून चालतांना लोकांनीं जी वागणूक त्यांस दिली, ती पाहतां तें मत चुकीचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं १८५० सालीं केवळ स्त्रियांसाठीं वैद्यकाचें कॉलेज निघालें होतें. तेथें जावें तर जहाजाच्या भाड्यापासूनच अडचण. गोपाळरावांचा पगार बेताचा, आणि त्यावर घरांतील वृद्ध मातापितरांचाही भार. सरकारची किंवा एखाद्या संस्थानाची शिष्यवृत्ती एका विवाहित ब्राह्मण मुलीस मिळेल, अशी कल्पनाही त्या दिवसांत कोणी केली नसती.

कोल्हापुरास असतांनाच गोपाळरावांनीं मदतीसाठीं पहिला अर्ज केला होता. तो गेला अमेरिकन मिशनऱ्यांकडे. पत्नीस अमेरिकेंत शिकवावें व आपणांसही तेथें एखादें काम मिळावें, अशी विनंति त्यांनीं केली. तें पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्या हातीं पडलें. हे गृहस्थ कोल्हापुरांत बरींच वर्षें काम करून स्वदेशीं परतले होते व प्रिन्स्टन येथून मिशनकार्यास वाहिलेलें एक मासिक चालवीत होते. त्यांनीं दिलेल्या उत्तराचा आशय असा होता कीं, दांपत्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, म्हणजे मदतीचा विचार करतां येईल. त्यांनीं गोपाळरावांचें पत्र व आपलें उत्तर अशीं दोन्हीं मासिकांत छापलीं. आनंदीबाईंस व गोपाळरावांस ती अट मान्य झाली नाहीं, आणि तो मार्ग तेथेंच बंद झाला.

आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोंत. मिशनच्याच शाळाकॉलेजांत आमचें शिक्षण झालें, आणि हा लेखही मिशनच्याच एका शाळेच्या अंकांत छापला जात आहे. म्हणूनच या प्रसंगाविषयीं मोकळेपणानें दोन शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. रेव्हरंड वाइल्डर यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. ज्यांत त्यांनीं स्वतःचें आयुष्य वेंचलें तीच वस्तु सर्वांत मौल्यवान मानून ती त्यांनीं पुढें केली. परंतु ज्या घरांत भूक आहे त्या घरीं भाकरीबरोबर धर्माची अट पाठविली तर मनुष्य जें उत्तर देतो तें त्याच्या अंतःकरणाचें असतें कीं पोटाचें असतें, हें देणाऱ्यास कधींच कळत नाहीं. रस्त्यांत जखमी होऊन पडलेल्या मनुष्यास उचलणाऱ्या शोमरोन्यानें त्याचा पंथ विचारला नव्हता. विद्येची भूक हीही भूकच आहे. आनंदीबाईंनीं ती मदत नाकारली, हें त्यांच्या स्वभावाचें मोठेपण होय. आणि ती नाकारण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला, ही आम्हां ख्रिस्ती लोकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट होय.

देवाची योजना मात्र कशी असते पाहा. मासिकाचा तो अंक अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल या गांवच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस पडला, तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यांत. आपली पाळी येईपर्यंत त्या सहज मासिक चाळीत होत्या. एवढ्या दूरच्या देशांतील एका मुलीस शिकावयाचें आहे, आणि तिचा नवरा तिच्यासाठीं दारोदार पत्रें लिहीत आहे, हें वाचून त्यांचें मन द्रवलें. त्यांनीं आनंदीबाईंस पत्र लिहिलें. हा पत्रव्यवहार १८८० सालीं सुरू झाला, आणि हळूहळू त्या अपरिचित बाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या. घरांतील चालीरीति, सणवार, बालविवाह, दोन्ही देशांतील स्त्रियांची स्थिति असे नाना विषय त्या पत्रांतून निघत. कलकत्त्यास असतां आनंदीबाईंची प्रकृति वारंवार बिघडूं लागली. डोकें दुखे, ताप येई, दम लागे. तेव्हां मावशींनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. पुढें त्यांनीं स्वतःचें घरच त्यांच्यासाठीं उघडलें. कार्पेंटरबाईंनीं धर्माची किंवा दुसरी कोणतीही अट कधीं घातली नाहीं. एका ख्रिस्ती मासिकानें जें दार बंद केलें तें त्याच मासिकाच्या वाचक असलेल्या एका गृहिणीनें उघडलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

राहण्याची सोय झाली, तरी भाड्याचा व फीचा प्रश्न शिल्लक होता. दोघांनीं मिळून जावें एवढा पैसा नव्हता. शेवटीं आनंदीबाईंनीं एकटीनें पुढें जावें असें ठरलें. ही बातमी बाहेर पडतांच चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. विवाहित ब्राह्मण स्त्रीनें समुद्र ओलांडावा, तोही नवऱ्यावांचून, ही गोष्ट समाजास सहन होण्यासारखी नव्हती. तेव्हां आनंदीबाईंनीं जें केलें तें त्या काळीं पुरुषांसही अवघड वाटलें असतें. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहांत त्यांनीं जाहीर सभेपुढें इंग्रजींत भाषण केलें.

हें श्रीरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यांतील गांव नव्हे. कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या कांठचें तें शहर. तेथील कॉलेज केरी, मार्शमन व वॉर्ड या बाप्तिस्त मिशनऱ्यांनीं १८१८ सालीं स्थापिलें. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध करणारे केरीसाहेब ते हेच. लोक जे प्रश्न मागून विचारीत होते ते सर्व आनंदीबाईंनीं स्वतःच सभेपुढें मांडले आणि एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेसच कां जावयाचें, हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय, एकटीनें कां जावयाचें, परत आल्यावर जातीबाहेर टाकलें तर काय, तेथें कांहीं संकट ओढवलें तर काय, आणि जें आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें आपणच कां करावें, असे ते सहा प्रश्न होते. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांनीं त्याच सभेंत दिली. मिशनच्या सभागृहांत उभें राहून एक मुलगी असें सांगते आणि सभा तिचें म्हणणें आदरानें ऐकून घेते, हा देखावा आम्हांस फार उदात्त वाटतो.

या भाषणाचा परिणाम पैशाच्या बाबतींतही झाला. त्याची हकीकत वृत्तपत्रांतून देशभर पसरली आणि हिंदुस्थानाच्या निरनिराळ्या भागांतून मदत येऊं लागली. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तोंवर जी विनंति झाली ती खासगी होती, आणि ती पतीनें पत्नीसाठीं केलेली होती. या वेळीं जिला शिकावयाचें होतें तिनें स्वतः लोकांपुढें उभें राहून आपला हेतु सांगितला. आनंदीबाईंनीं त्या भाषणांत दारिद्र्याचें रडगाणें गाइलें नाहीं. देशांतील स्त्रियांस वैद्यकीय मदतीची गरज आहे, ती पुरी करण्यास मी शिकून येतें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. ज्या कामासाठीं पैसा हवा तें काम लोकांस पटलें, म्हणून लोकांनीं पैसा दिला. तरीही सर्व भार लोकांवर टाकावा असें त्यांस वाटलें नाहीं. वडिलांनीं दिलेल्या सोन्याच्या बांगड्या त्यांनीं विकल्या व ती रक्कम प्रवासखर्चांत घातली. आपल्याकडे स्त्रीच्या अंगावरील सोनें संकटाच्या वेळीं मोडतात. आनंदीबाईंनीं तें संकटासाठीं न मोडतां विद्येसाठीं मोडलें.

७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून जहाज निघालें. गोपाळराव मागें राहिले. सोबतीस मिशनशीं संबंध असलेल्या कांहीं पाश्चात्य स्त्रिया होत्या. त्यांनीं वाटेंत आनंदीबाईंचें मन आपल्या धर्माकडे वळविण्याचा बराच आग्रह केला. पण आनंदीबाई न रागावतां आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. जून महिन्यांत जहाज न्यूयॉर्क बंदरास लागलें. धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहत उभ्या होत्या. तीन वर्षांच्या पत्रांतून ओळखीची झालेली मावशी त्या दिवशीं प्रथमच डोळ्यांस दिसली.

रोझेल येथील घरीं कांहीं दिवस विश्रांति घेऊन आनंदीबाईंनीं फिलाडेल्फियाच्या कॉलेजास प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. हें पत्र आजही जपून ठेविलेलें आहे, आणि अर्ज कसा लिहावा याचा तो उत्तम नमुना होय. आपलें पूर्वशिक्षण कॉलेजच्या सर्व अपेक्षांस पुरें पडत नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. ती उणीव त्यांनीं लपविली नाहीं. मित्रांचा व जातीचा विरोध पत्करून जो निश्चय मला येथवर घेऊन आला तो अभ्यासांतही उपयोगी पडेल, आणि पुरुष डॉक्टरास न दाखविणाऱ्या माझ्या देशभगिनींस खरी वैद्यकीय मदत देण्यासाठीं मी आलें आहें, अशा आशयाचें तें पत्र आहे. त्यांत स्तुति नाहीं, लाचारी नाहीं व अतिशयोक्तीही नाहीं. कॉलेजच्या डीन डॉ. रेचल बॉडली या थोर मनाच्या विदुषी होत्या. आनंदीबाईंस प्रवेश तर मिळालाच, शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं ६०० डॉलरांची शिष्यवृत्तीही मिळाली.

येथवरची गोष्ट ऐकून मुलांस वाटेल, पैशाचा प्रश्न सुटला, आतां काय राहिलें? शिष्यवृत्तीच्या हिशेबांत जें बसत नाहीं तेंच राहिलें होतें. फिलाडेल्फियाची थंडी कल्याण-कोल्हापूरच्या माणसास सोसणारी नाहीं. आनंदीबाईंनीं मांसाहार न करण्याचा नियम सोडला नाहीं. त्या देशीं त्या काळीं शाकाहारी मनुष्यास पोटभर व पौष्टिक अन्न मिळणें कठीण होतें. पुष्कळदां अभ्यास संपवून स्वतः चूल पेटवावी तेव्हां दोन घांस मिळावे, असा प्रकार होता. पोषाखही त्यांनीं आपल्या देशाचाच ठेविला. मूळची नाजूक प्रकृति, त्यांत थंडी, अपुरें अन्न आणि जागरणें यांची भर पडली, आणि क्षयरोगानें त्यांच्या शरीरांत घर केलें. तशांत पतीचीं पत्रें येत तीं कधीं उत्तेजनाचीं, तर कधीं संशयाचीं व टोंचणाऱ्या शब्दांचीं असत. एकीकडे शरीररचनाशास्त्राचें पुस्तक आणि दुसरीकडे तें पत्र अशा स्थितींत त्यांनीं किती रात्री काढल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

तरीही अभ्यास पुरा झाला. प्राचीन आर्य लोकांतील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनीं प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव हजर होते, आणि इंग्लंडाहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही हजर होत्या. रमाबाईंनीं १८८३ सालीं स्वतःच्या विलायतेच्या प्रवासाचा खर्च आपलें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक विकून उभा केला होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. आनंदीबाई हिंदुच राहिल्या होत्या व रमाबाईंनीं ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. पण दोघींच्या प्रेमास त्यामुळें कांहीं बाध आला नाहीं. पदवीची वार्ता कळल्यावर व्हिक्टोरिया राणीनेंही आनंदीबाईंचें अभिनंदन केलें. कोल्हापूर संस्थानानें तर त्यांस आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलांतील स्त्रियांच्या विभागाच्या डॉक्टर म्हणून नेमलें. ज्या गांवांतून मदतीचा पहिला अर्ज निघाला त्याच गांवीं त्यांची नेमणूक झाली.

त्या नोकरीवर त्या रुजू होऊं शकल्या नाहींत. १८८६ सालच्या अखेरीस पति-पत्नी मुंबईस उतरलीं तेव्हां आनंदीबाई अंथरुणास खिळल्यासारख्याच होत्या. पुष्कळ उपचार झाले, पण गुण आला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावें वर्ष पुरें होण्यास महिना राहिला होता. एकाही रोगी स्त्रीस औषध देण्याची संधि न मिळतां ही डॉक्टरीण गेली. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ती विसावली आहे. मावशींनीं आपलेपणाचें नातें शेवटपर्यंत पाळलें.

कोणी व्यवहारी मनुष्य विचारील, मग त्या सर्व पैशाचें चीज काय झालें? लोकांची वर्गणी, बापानें दिलेल्या बांगड्या, कॉलेजचे ६०० डॉलर, कार्पेंटरबाईंनीं केलेला खर्च, या सर्वांची फेड कोठें झाली? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एका वर्षांत मिळणारें नव्हतें. आनंदीबाई गेल्या त्याच वर्षीं पंडिता रमाबाईंचें हिंदु स्त्रियांच्या स्थितीविषयींचें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. त्यास डॉ. बॉडली यांनीं प्रस्तावना लिहिली. आनंदीबाईंमुळें ज्या अमेरिकन लोकांच्या मनांत आपल्या स्त्रियांविषयीं सहानुभूति उत्पन्न झाली होती त्यांनींच पुढें रमाबाईंच्या कार्यास हातभार लावला. त्या पैशांतून मुंबईस विधवांसाठीं शारदासदन उघडलें, तें ११ मार्च १८८९ रोजीं. आनंदीबाईंस पदवी मिळाल्यास त्या दिवशीं बरोबर तीन वर्षें झालीं होतीं. त्यानंतर आपल्या प्रांतांतील किती मुलींनीं त्यांचें चरित्र वाचून वैद्यकाचा अभ्यास धरला असेल, याची मोजदाद कोणी ठेविलेली नाहीं. बी पेरणाऱ्यानें पीक पाहिलेंच पाहिजे असा नियम नाहीं.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं घेण्याजोग्या गोष्टी थोडक्यांत सांगून हा लेख पुरा करतों. पहिली गोष्ट, मदत मागण्यांत कमीपणा नाहीं. पण ती कशासाठीं हवी हें मागणाऱ्यास स्वतःला स्पष्ट सांगतां आलें पाहिजे. मला परदेश पाहावयाचा आहे, असें म्हणणाऱ्यास कोणी पैसा देत नाहीं. मी अमुक शिकून अमुक लोकांच्या उपयोगीं पडेन, असें म्हणणाऱ्याचें म्हणणें निदान लोक ऐकून घेतात. दुसरी गोष्ट, आधीं आपला वांटा घालावा, मग दुसऱ्यापुढें हात पसरावा. तिसरी गोष्ट, एक दार बंद झालें म्हणून प्रयत्न सोडूं नये. कोल्हापूरचें पत्र फुकट गेलें असेंच त्या वेळीं सर्वांस वाटलें असेल, आणि त्याच पत्रानें पुढचा सर्व मार्ग मोकळा केला. चौथी गोष्ट, ज्या मदतीसाठीं आपली सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकावी लागते ती मदत महाग पडते; ती नम्रपणें नाकारावी. आणि जे देणारे आहेत, मग ते मिशन असो, संस्था असो कीं धनिक गृहस्थ असोत, त्यांनीं देतांना घेणाऱ्याचा मान राखावा.

पांचवी गोष्ट विशेषतः आईबापांसाठीं आहे. मुलास किंवा मुलीस दूर पाठवितांना फीच्या व भाड्याच्या रकमा आपण पुन्हा पुन्हा तपासतों. परंतु ऊबदार कपडे, सकस अन्न, औषधपाणी आणि घरून जाणारें धीराचें पत्र यांचा आंकडा त्या अंदाजपत्रकांत क्वचितच असतो. आनंदीबाईंच्या शिष्यवृत्तींत तो नव्हता, आणि तो त्यांस आपल्या आयुष्यानें भरावा लागला. शरीर हें देवानें दिलेलें मंदिर आहे. विद्येसाठीं तें झिजवावें, पण मोडूं देऊं नये.

आज शिष्यवृत्त्या पुष्कळ आहेत, मार्ग दाखविणारे पुष्कळ आहेत, आणि मुलीनें समुद्र ओलांडला तर तिला जातीबाहेर टाकील असा समाज उरलेला नाहीं. ही वाट ज्यांनीं प्रथम तुडविली त्यांच्या पायांत कांटे मोडले म्हणून ती आपणांस मऊ लागते. आमच्या शाळेंतून जो कोणी मुलगा किंवा मुलगी या वाटेनें जाईल, त्यानें परत येतांना कोणा एका अपरिचित मुलाच्या शिक्षणाचा भार उचलण्याचा निश्चय मनाशीं करून यावें. कार्पेंटरबाईंच्या उपकारांची परतफेड आनंदीबाईंस करतां आली नाहीं. ती आपण सर्वांनीं मिळून करावयाची आहे, आणि तशी बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, अशी आमची त्याच्या चरणीं प्रार्थना आहे.